बाटली काळी पडली, पुढे काय?

(नाशिक येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या सत्राला संयोजकांनी 'पाणी, तंत्रज्ञान आणि आपण' असं नाव दिलं आहे. यातलं पाणी आणि बाई यांचं नातं मी इथे समजावून सांगायला नको. मृणालताई गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणू लागले, तेव्हापासून हंडा हे आपल्या चळवळीचं निशाणच झालं आहे. पण इतके हंडामोर्चे निघाले, त्यात आपली घोषणा बहुतेक वेळा 'पाणी द्या' हीच राहिली. 'कसलं पाणी देता?' हा प्रश्न मागे पडला. आज त्या मागे पडलेल्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

गेली काही वर्षं मी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवर आणि नाशिक शहरातल्या काही वस्त्यांमध्ये बायकांना पाणी तपासायला शिकवते. आपल्या जिल्ह्याचा पश्चिम भाग कसा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि एप्रिल उजाडला की विहिरींचा तळ दिसतो. एप्रिल २०२२ मध्ये मेटघरच्या बायका दोराच्या आधाराविना विहिरीत उतरतात, हे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. खरशेतच्या बायका तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे घेऊन जात. त्यांचे फोटो छापून आल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल बसला, आणि त्याच वर्षीच्या पुरात तो वाहूनही गेला. सांगायचा मुद्दा असा, की कोरड्या विहिरीचा फोटो निघतो. दूषित पाण्याचा निघत नाही. ते पेल्यात नितळ दिसतं. मूल जुलाबानं मलूल होतं तेव्हा शेजारीपाजारी आईला विचारतात, 'काय खाऊ घातलंस?' पाण्याला कोणी विचारत नाही. म्हणून हे न दिसणारं दाखवणारं साधन आपल्या हाती असणं मला महत्त्वाचं वाटतं.

'शुद्ध पाणी' कशाला म्हणायचं आणि ते कोणी ठरवायचं, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी तळं बाटलं असं ठरवून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतल्या आणि तळं 'शुद्ध' झाल्याचं जाहीर केलं. माणसाच्या हातानं पाणी बाटतं आणि शेणानं शुद्ध होतं, असा तो हिशेब होता. तपासणीच्या बाटलीला मात्र जात कळत नाही. पाणी कोणी भरलं हे ती विचारत नाही, पाण्यात काय आहे एवढंच सांगते. मला ती आवडते, त्याचं हे पहिलं कारण.

संच आणि त्यातली बाटली

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. देशभरात अशा चोवीस लाखांहून अधिक बायका तयार झाल्याचं सरकारी आकडे सांगतात. त्यांना एक पेटी मिळते. सरकारी भाषेत 'क्षेत्रीय तपासणी संच', आपल्या बायका म्हणतात 'एफटीके' किंवा नुसतं 'किट'. तपासायचं, आणि निकाल मोबाइलवरून सरकारी संगणकावर भरायचा.

पेटीतली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे काळी पडणारी बाटली. ही परदेशातून आलेली नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ही पद्धत मांडली. बाटलीत औषध लावलेला कागदाचा तुकडा असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबेत ठेवायचं. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असले की ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, कागदातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत निकाल. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो वाचता येतो, कारण वाचायचा असतो फक्त रंग.

ऊब महत्त्वाची. तीस ते सदतीस अंश लागतात. थंडीत आपल्याकडे पारा खूप खाली उतरतो, तेव्हा बाटली नुसती फळीवर ठेवली तर जंतू असूनही ती काळी पडायला वेळ लावते, आणि आपण 'पाणी चांगलं आहे' म्हणून मोकळ्या होतो. सुरगाण्याच्या बायकांनी यावर आपणहून उपाय काढला. बाटली गोधडीत गुंडाळून चुलीच्या मागच्या कोनाड्यात ठेवायची. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत हे कुठेही नव्हतं.

दुसरी तपासणी क्लोरीनची, म्हणजे ओ. टी. टाकीत टीसीएल पावडर नीट पडली असेल, तर नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. नळीत पाणी घ्यायचं, ओ. टी.चे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. ते औषध विषारी आहे, हाताला लागू द्यायचं नाही, तपासलेलं पाणी मुलांपासून लांब ओतायचं. ही तपासणी मिनिटभरात होते, म्हणून रोज होऊ शकते. आमच्या बायका तिला 'पाण्याची हजेरी' म्हणतात. पिवळं झालं नाही तर टीसीएल पडलेली नाही, किंवा पोतं महिनोन् महिने उघडं राहून पावडरीचा जोर गेला आहे, किंवा वाटेत कुठेतरी घाण मिसळून क्लोरीन खर्ची पडलं आहे. एक सांगते, अशा वेळी जलसुरक्षकाच्या अंगावर धावून जाऊ नका. तोही तुटपुंज्या मानधनावरचा माणूस. टीसीएलची खरेदी केव्हा झाली आणि किती झाली, हे पंचायतीला विचारा.

यंत्र काय सांगत नाही

साधन हाती आलं की त्याच्यावर आंधळा विश्वास बसतो, म्हणून त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. काळी बाटली म्हणजे धोक्याची घंटा, अंतिम निकाल नव्हे. काही ठिकाणी जमिनीतल्या गंधकामुळेही ती काळी पडते. म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवायचाच, निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, चोवीस तासांच्या आत. सुरगाण्याच्या टोकाच्या पाड्यावरून एसटीनं हे कसं साधायचं, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडत नाही. तिथली बाई मात्र रोज त्याला तोंड देते.

आता शहरातलं बघा. वस्तीत पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकायला माणूस येतो. पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. कधी पाण्यात दोन कांड्या घालून वीज सोडतो आणि पाणी तपकिरी झालं की म्हणतो, 'बघा ताई, काय पिताय तुम्ही!' तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. वीज सोडल्यावर कांडीचं लोखंड विरघळतं, त्याचा तो गंज. आणि टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. त्या पेनाला जंतू दिसत नाहीत. गोदावरीच्या कमी क्षाराच्या पाण्यात गटार मिसळलं तरी तो मीटर समाधानानं छान आकडा दाखवू शकतो. घरकाम करणाऱ्या बायकांनी हप्त्यानं अशी यंत्रं घेतलेली मी पाहिली आहेत. तेही तंत्रज्ञानच, फक्त आपल्या भीतीवर चालणारं.

वस्तीतल्या पाण्याचा खरा रोग वेगळाच असतो. नळाला पाणी तास-दोन तास येतं, मग बंद. पाइप रिकामा झाला की त्यात ओढ तयार होते, आणि पाइप गटारातून गेलेला असेल, सांधा गळका असेल, तर बाहेरचं सांडपाणी आत खेचलं जातं. म्हणून तपासायची ती पहिल्या धारेचं पाणी. साहेब पाहणीला येतात तेव्हा नळ अर्धा तास वाहिलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात 'गुलियन बॅरे'ची साथ आली. धडधाकट माणसांच्या हातापायांतलं बळ गेलं. दूषित पाण्याचा संशय आल्यावर विहिरी आणि टाक्या तपासायची धावपळ झाली. ती साथीआधी व्हायला हवी होती.

तिसरी गोष्ट नायट्रेटची. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या पंधरा हजारांहून अधिक ठिकाणच्या भूजलाचे निकाल आहेत. सुमारे वीस टक्के ठिकाणी नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्रातलं प्रमाण तर एक तृतीयांशाच्याही वर आहे. हे येतं रासायनिक खतांतून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यांतून. म्हणून बागायती पट्ट्यातल्या मैत्रिणींनी विहिरीच्या पाण्याची ही तपासणी चुकवू नये. वरचं दूध पाण्यात कालवून पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सगळ्यात जास्त, कारण त्यानं रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. आणि लक्षात ठेवा, उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. 'उकळून प्या' हा सल्ला जंतूंसाठी आहे, प्रत्येक दोषावर तो चालत नाही.

काळ्या बाटलीनंतर

आता मूळ मुद्द्यावर येते. एका पाड्यावरची गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. तिथे नळयोजना झालेली आहे. पण मार्च संपला की टाकीत पाणी चढत नाही आणि बायका नाल्यातल्या झिऱ्यावर जातात. वाटीवाटीनं हंडा भरतात. आम्ही तीन बाटल्या भरल्या. टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्याची तशीच राहिली. विहिरीची काळी. झिऱ्याची तर रात्रीतून काळीकुट्ट.

मोबाइलवर भरायची वेळ आली तेव्हा त्या बाईला सांगण्यात आलं, की योजनेच्या उद्भवाचं तेवढं भरा. झिऱ्याची नोंदच कुठे नाही! त्यामुळे कागदावर त्या पाड्याचं पाणी चांगलं ठरलं. चैत्र-वैशाखात माणसं जे पाणी पितात, ते कागदावर अस्तित्वातच नाही. बायकांनी तरीही विचारलं, की आम्ही आता काय करायचं? उत्तर आलं, 'उकळून प्या.'

मी त्यांच्याबरोबर बसून हिशेब केला. सहा माणसांच्या घराला प्यायला दिवसाला वीस लिटर धरा. साध्या तीन दगडांच्या चुलीवर एवढं पाणी उकळायला अंदाजे तीन किलो लाकूड लागतं. महिन्याला नव्वद किलो. ही मोळी आणायची कोणी? पाणी दूषित झालं ते कोणाच्या तरी दुर्लक्षानं. बाईनं ते तपासलं, एक पैसा न घेता. निकाल आला आणि त्याची शिक्षाही तिलाच, आणखी एक मोळी! मैत्रिणींनो, आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. तपासणी बाईच्या हाती आली, पण निर्णय आला नाही. आणि निर्णय हाती नसेल, तर तपासणी म्हणजे तिच्या कामांच्या यादीत भर पडलेलं आणखी एक फुकटचं काम.

त्या पाड्यावर पुढे काय झालं? बायकांनी अंगणात खडूनं नकाशा काढला. झिरा कुठे, गुरं कुठे धुतात, उघड्यावर कुठे बसतात, वाहून येणारं पाणी कुठून येतं. झिऱ्याच्या वरच्या अंगाला गुरं धुणं त्यांनी आपसांत बोलून बंद केलं, भोवती दगड रचले. हे त्यांच्या हातातलं होतं. पण बंद पडलेला हापसा दुरुस्त करणं, विहिरीला कठडा आणि ओटा बांधणं, हे त्यांच्या हातातलं नव्हतं. त्यासाठी काळ्या बाटल्या टोपलीत घालून त्या महिलांच्या ग्रामसभेत गेल्या आणि टेबलावर मांडल्या. पहिल्या खेपेला हसून टाळलं. दुसऱ्या खेपेला ठराव लिहून घेतल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. हापसा दुरुस्त झाला, त्याच्या पाण्याची बाटली काळी पडली नाही. विहिरीचा ओटा अजून व्हायचा आहे.

आकडे वर जातात, खाली काय येतं?

पुढची पायरी स्वयंचलित यंत्रांची आहे. २०२० साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या काही दूरच्या गावांत टाटांच्या न्यासांच्या मदतीनं प्रायोगिक यंत्रं बसली. पाण्याचा प्रवाह, दाब, भूजलाची पातळी, उरलेलं क्लोरीन, सगळं आपोआप मोजून दूरवर पाठवणारी. मी त्याच्या विरोधात नाही. टाकीत क्लोरीन नाही हे यंत्रानं पहाटे चारला कळवलं, तर बाईचा वेळ वाचेल. पण ते कळणार कोणाला? आकडा जिल्ह्याला गेला, मुंबईला गेला, दिल्लीला गेला आणि नळाशी उभ्या असलेल्या बाईला कळलाच नाही, तर तिच्या दृष्टीनं यंत्र बसलं काय नि न बसलं काय.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात, जिथे गरीब आणि काळ्या लोकांची वस्ती मोठी आहे, एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला पाण्याचा उद्भव बदलला. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. अधिकारी म्हणत राहिले, पाणी सुरक्षित आहे. लीअॅन वॉल्टर्स नावाची एक आई गप्प बसली नाही. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्स यांच्या चमूनं नमुने घ्यायचे सुमारे तीनशे संच पाठवले आणि रहिवाशांनी घरोघर फिरून अडीचशेहून अधिक नमुने गोळा करून दिले. डॉ. मोना हन्ना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचं दाखवलं. त्या ऑक्टोबरात शहराला आपला निर्णय फिरवावा लागला. सगळी प्रयोगशाळा, सगळे तज्ज्ञ असलेल्या देशात हे घडलं. तिथेही सरकारी आकड्यासमोर लोकांना आपला आकडा ठेवावा लागला.

आपण काय करायचं

कायद्यानं आपली बाजू कच्ची नाही. १९९१ मध्ये सुभाषकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. पेठ, सुरगाणा, कळवण अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे पेसा कायदा आहे आणि २०१४ च्या राज्याच्या नियमांनुसार पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सही करण्यापुरत्या नाहीत, प्रश्न विचारण्यासाठी आहेत.

पंचायतीला वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, उद्भवांच्या पाहणीवरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, इथे किती जणींना ठाऊक आहे? हात वर करा. बघा, मोजकेच हात आहेत. परत गेल्यावर पहिलं काम हे, कार्ड बघायला मागायचं. आणि हिरवं असेल तर विचारायचं, पाहणीला आले तेव्हा उन्हाळ्यातल्या झिऱ्यावर गेले होते का?

आपल्या मागण्या साध्या आहेत. माणसं ज्या ज्या ठिकाणचं पाणी पितात, त्या प्रत्येक ठिकाणची नोंद झाली पाहिजे, मग ते योजनेत असो वा नसो. निकाल पंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागला पाहिजे आणि महिला ग्रामसभेत मोठ्यानं वाचला पाहिजे. दोष निघाला तर दुरुस्ती कोण आणि कधीपर्यंत करणार, हे त्याच सभेत लिहिलं गेलं पाहिजे, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी. तोवर पर्यायी पाणी पंचायतीनं द्यायचं, बाईच्या मोळीवर भागवायचं नाही. आणि तपासणारीला दिवसाची मजुरी. सेवाभावाचं कौतुक पुरे झालं. ज्या कामाला पैसे नाहीत, त्या कामाच्या निकालालाही किंमत देत नाहीत, हा आपला जुना अनुभव आहे.

आणि मोबाइलवर भरलेलं मोबाइलमध्येच राहू देऊ नका. प्रत्येक गटानं एक वही ठेवायची. चार रकाने आखायचे. तारीख, कुठलं पाणी, निकाल काय, आणि त्यावर कोणी काय केलं. पहिले तीन आपण भरू. चौथा ज्यांनी भरायचा त्यांच्यापुढे ती वही दर सभेला उघडून ठेवू. रिकामा रकाना हाही पुरावाच असतो, माहितीच्या अधिकारात अर्ज करताना तो उपयोगी पडतो.

फार बोलले. जेवणानंतर मागच्या खोलीत संच मांडून ठेवले आहेत. ज्यांनी आपापल्या वस्तीतलं पाणी आणलं आहे, त्यांनी बाटल्यांवर गावाचं आणि उद्भवाचं नाव लिहून ठेवावं. शिबिर परवापर्यंत आहे, म्हणजे जाण्याआधी निकाल हाती येईल. वह्या इथूनच घेऊन जा.